३४० ग्रॅमच का?

परदेशी मालाच्या कपाटासमोर उभं राहून नुसते आकडे वाचावेत. अमेरिकी कॉफीच्या पाकिटावर ३४० ग्रॅम, सोड्याच्या कॅनवर ३५५ मिलि, एखाद्या सॉसच्या बाटलीवर ४७३ मिलि, इंग्लंडहून आलेल्या सिरपच्या डब्यावर ४५४ ग्रॅम. असले अडनिडे आकडे कुणी हौसेने निवडत नाही.

३४० ग्रॅम म्हणजे बारा औंस, ४५४ म्हणजे एक पौंड, ३५५ मिलि म्हणजे बारा द्रव औंस आणि ४७३ म्हणजे अमेरिकी पिंट. लेबलावर दोन मापं शेजारी शेजारी असली की त्यातला जो आकडा पूर्ण, बहुधा त्याच मापाने तो माल भरलेला असतो. दुसरा आकडा नुसता हिशेबाचा. उलट ५०० ग्रॅमच्या पुढे कंसात १७.६ औंस दिसले, तर पाकीट मेट्रिक मापाचं आहे आणि औंस अमेरिकी नियमासाठी छापलेत असं समजावं. तिथे १९९४ पासून बहुतेक पाकीटबंद मालावर दोन्ही मापं सक्तीची आहेत.

आपल्याकडे २००९चा वजनमापांचा कायदा मेट्रिकच मागतो, म्हणून आयातदार डब्यावर वेगळी चिठ्ठी चिकटवतो: त्याचं नाव-पत्ता, किंमत, निव्वळ वजन. चिठ्ठीवरचे ग्रॅम कायद्याला चालतात, डबा मात्र अजून पौंडाचाच असतो. म्हणून शेजारच्या २०० ग्रॅमच्या देशी बाटलीशी भाव ताडायला गेलं की डोकं शिणतं. ३४० ला भागायचं कशाने?

हे असंच व्हायला हवं होतं असं नाही. १९५६च्या कायद्यानंतर आपल्या बाजारातून शेर गेला. शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा, म्हणजे पावशेर २३३ चा. आज पावशेर मिरच्या मागितल्या तर भाजीवाली २५० ग्रॅम तोलून देते आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नाही. खरा तोळा ११.६६ ग्रॅमचा, बोलण्यातला आता दहाचा. (सोन्यात हा फरक पावशेराइतक्या सहज सोडून देता येत नाही, म्हणून पावतीवर ग्रॅमच लिहिलेले बघावेत.) अमेरिकेतही दारूच्या बाबतीत हेच घडलं. गॅलनच्या पाचव्या हिश्श्याची, ७५७ मिलिची बाटली १९८० पर्यंत ७५० वर आली. जुने लोक तिला अजून ‘फिफ्थ’च म्हणतात. या सगळ्यांत नाव राहिलं आणि माल सरकला. सोड्याच्या कॅनमध्ये माल जागचा हलला नाही, आकडा तेवढा बदलला. मला विचाराल तर पावशेराचा मार्ग शहाणपणाचा, कारण गिऱ्हाइकाला गुणाकार-भागाकार करावा लागत नाही.

एकाच बाटलीवरही मापांचं एकमत नसतं. आठ द्रव औंसांच्या अमेरिकी बाटलीवर पुढे २३७ मिलि असतं आणि मागे पोषणाच्या चौकटीत तोच एक कप २४० मिलिचा होतो. छपाईची चूक नव्हे. पोषणाच्या हिशेबासाठी कप २४० चा धरावा, असं तिथल्या नियमातच आहे.

टीव्हीच्या खोक्यावर मात्र पूर्ण आकड्याचा हा नियम फसतो. ३२ इंची टीव्हीवर आपल्याकडे ‘८० सेंमी’ लिहितात. बत्तीस इंचांचे खरे ८१.२८ सेंटिमीटर व्हायला हवेत. पडदाच मुळात साडेएकतीस इंचांचा, त्याला विक्रीसाठी बत्तीस म्हणायचं. ४३ इंचीवरचे १०८ सेंटिमीटरही मोजून पाहिले तर साडेबेचाळीसच इंच भरतात. इंच जाहिरातीचा आणि खरं माप कायद्याने मागितलेल्या सेंटिमीटरमध्ये. तरीही दुकानात जाऊन ८० सेंटिमीटरचा टीव्ही दाखवा, असं कुणी म्हणत नाही.