थोरांस लिहावयाची पत्रे

पेण-रोहा बाजूच्या रामवाडीसारख्या गावी ज्यास चार अक्षरे बरी लिहिता येतात, त्याच्या ओटीवर कोणी ना कोणी येऊन बसतेच. "मास्तर, मोठ्या साहेबांस एक पत्र लिहून द्या," ही विनंती आमच्या उपदेशक बंधूंच्या चांगल्या परिचयाची आहे. कोणा विधवेचे निराधाराचे अनुदान अडलेले असते, कोणाच्या जमिनीचा फेरफार झालेला नसतो. कचेरीत खेटे घालून पाय दुखू लागले, म्हणजे मनुष्याची दृष्टी एकदम मंत्र्याकडे, नाहीतर थेट पंतप्रधानांकडे जाते. ज्यास आपण कधी भेटलो नाही, अशा थोर पुरुषाजवळ साह्य मागणे योग्य आहे काय, आणि मागावयाचे तर ते कोणत्या रीतीने?

हे मागणे लाचारीचे आहे, असे कित्येक शहाणे म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. पेण तालुक्यातील गागोदे गावी १८९५ साली जन्मलेले विनायक भावे, जे पुढे विनोबा म्हणून सर्वांस ठाऊक झाले, त्यांनी १९१६ साली काशीहून गांधीजींस पत्र लिहिले. त्या वेळी ते अवघे वीस वर्षांचे, घर सोडून निघालेले, नावलौकिक काहीच नसलेले असे होते. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत गांधीजींनी काशीस हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात केलेल्या भाषणाची चर्चा तेथे चालू होती. त्यावरून अहिंसेविषयी ज्या शंका मनात आल्या, त्या या तरुणाने लिहून पाठविल्या. उत्तर आले. त्याने आणखी विचारले, तेव्हा गांधीजींनी कळविले की अशा गोष्टींचा उलगडा पत्रांनी होत नाही, आश्रमात येऊन राहावे. ७ जून १९१६ रोजी अहमदाबादेस कोचरब आश्रमात त्यांची भेट झाली. या पत्रव्यवहारात लाचारी कोठे आहे?

पुढे गांधीजींकडे पत्रांची रीघ लागली. कोणी आजार कळवी, कोणी घरातला तंटा, कोणी आहाराविषयी विचारी. उजवा हात थकला म्हणजे ते डाव्या हाताने लिहीत. परंतु असा पुरुष विरळा. आजच्या मंत्र्याकडे गेलेले पत्र कारकुनाच्या हाती पडते, आणि पुष्कळदा फिरून त्याच कचेरीकडे येते, जिच्याविरुद्ध ते लिहिले होते.

येथे एक भेद ध्यानात धरला पाहिजे. कृपा मागणे निराळे आणि हक्क मागणे निराळे. जे कायद्याने आपले आहे ते "मायबाप" म्हणून मागितले, तर देणाऱ्यास आपण उपकार केल्याचा भ्रम होतो, आणि घेणारा विनाकारण मिंधा होतो. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली झाला. दहा रुपये भरून "माझ्या अर्जाचे काय झाले?" असे विचारता येते, आणि सामान्यतः तीस दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, दारिद्र्यरेषेखालील मनुष्यास तर तेही शुल्क नाही. अर्जदारास लिहिता येत नसेल, तर त्याचे तोंडी म्हणणे लेखी उतरविण्यास त्याच अधिकाऱ्याने साह्य करावे, असे त्या कायद्यात आहे. हे आमच्या किती बंधुभगिनींस ठाऊक आहे? मुंबई-दिल्लीस पत्र धाडण्याआधी हा दरवाजा ठोठावून पाहावा.

परंतु खरा पेच मागणाऱ्यापुढे नसून लिहून देणाऱ्यापुढे आहे. म्हातारी सांगते, "दोन दिवस चूल पेटली नाही." मास्तरांच्या मनात येते, चार लिहिले तर साहेबांचे मन लवकर द्रवेल. दुःख खरे, मागणे न्यायाचे, मग दोन दिवस वाढविले तर पाप कसले? हा मोह आम्हांस परका नाही, आणि त्यास बळी पडणाऱ्यास दगड मारावयास आम्ही उठणार नाही. तरी विचार केल्यावर आम्हांस ते अयोग्यच वाटते. साहेबांच्या मेजावर दुसऱ्याही गावच्या म्हातारीचे पत्र असते, आणि तिच्या लेखकाने दोनच दिवस लिहिलेले असतात. आम्ही वाढविलेले दोन दिवस तिच्या खऱ्या भुकेची किंमत उतरवितात. अशी चार पत्रे उघडकीस आली, की पुढे कोणाच्याच भुकेवर विश्वास बसत नाही.

फिलेमोनास लिहिलेले पौलाचे पत्र आमच्या वाचकांनी वाचलेले आहे. अनेसिमासाठी रदबदली करताना त्याचे काही देणे असेल तर ते आपल्या नावे मांडावे, असे पौल कळवितो. दुसऱ्यासाठी लेखणी उचलणे म्हणजे असा काही भार आपल्या अंगावर घेणे होय. पत्र टपालात पडले म्हणजे मास्तरांचे काम सरले असे नव्हे. महिन्याने म्हातारीबरोबर कचेरीत जाऊन उभे राहावे लागेल, आणि उत्तर येईपर्यंत तिच्या घरी दाणे आहेत की नाहीत, हे मंडळीसच पाहावे लागेल.

पत्र बंद करण्यापूर्वी मात्र ते तिला मोठ्याने, सावकाश वाचून दाखवावे. एखाद्या वाक्यापाशी ती म्हणेल, "मास्तर, एवढं नव्हतं हो." ते वाक्य तेथेच खोडावे, आणि मग तारीख घालून तिचा अंगठा घ्यावा.