काळाचा दोष की माणसाचा?

अलेस्सान्द्रो मान्झोनी या इटालियन लेखकाची ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’ (वाङ्‌निश्चय झालेले दोघे) ही कादंबरी १८२७ साली आली. तिचा काळ १६२८ ते १६३०, स्थळ स्पेनच्या अमलाखालचे मिलान. नायक रेन्झो रेशीम विणणारा. भिवंडी-मालेगावच्या आमच्या विणकरांना आपलासा वाटावा असा. त्याचे लग्न एका मुजोर सरदाराने अडवलेले, त्यात दुष्काळ, मग प्लेग. लूसियाचा शोध घेत तो मिलानमध्ये एक दार ठोठावतो आणि एक बाई ओरडते, हा विष फासणारा! लोक धावून येतात. प्रेते वाहणाऱ्या गाडीवर उडी मारून तो जीव वाचवतो.

भिंतींना विषारी मलम फासून काही माणसे साथ पसरवतात, असा समज शहरात होता. रेन्झो कल्पनेतला, म्हणून सुटला. आरोग्य खात्याचा कर्मचारी पियाझा आणि मोरा न्हावी खरे होते, ते सुटले नाहीत. २१ जून १६३० च्या सकाळी पियाझा भिंतीला हात पुसताना एका बाईला खिडकीतून दिसला, एवढेच निमित्त. छळानंतर त्याने मोराचे नाव घेतले. दोघांना हालहाल करून मारले. मोराचे घर पाडून तेथे उभारलेला ‘बदनामीचा स्तंभ’ १७७८ पर्यंत उभा होता.

हा वृत्तांत मान्झोनीने कादंबरीच्या १८४०-४२ च्या आवृत्तीला जोडला. न्यायाधीशांनी त्या काळच्या कायद्याची बंधनेही मोडली, हे तो दाखवतो. आम्हाला हे पटते. ‘काळच तसा होता’ म्हटले की मारणारा सुटतो आणि बेगुनाह फक्त दुर्दैवी ठरतो.

२०२० साली कोरोनाच्या साथीत तबलीगी जमातीच्या नावाने जे झाले ते आपण विसरलेलो नाही. त्यांना बळीचा बकरा करण्यासाठी निवडले असावे, असे मत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द करताना नोंदवले. मान्झोनी वाचताना हे आठवणारच.

पण त्याचा प्रश्न आपल्यालाही सोडत नाही. विष फासण्याच्या गोष्टीवर विश्वास नसलेले लोक मिलानमध्ये होते. ते घरात बोलत, चौकात गप्प राहत. पोलिओच्या थेंबांनी वांझपण येते, ही कुजबूज उत्तर प्रदेशातल्या आपल्या वस्त्यांत फिरली, तेव्हा थेंब पाजायला आलेल्या बायकांच्या तोंडावर दारे लागली. अफवा खोटी हे जाणणारे तिथेही होते. पुढे काही उलेमांनी मशिदीतून तसे उघड सांगितले आणि दारे उघडू लागली.