तुरा आणि व्यंग

माझे एक स्नेही निवडुंगांचे मोठे शौकीन आहेत. परवां त्यांनीं गच्चीवरील आपलें नवें झाड मला कौतुकानें दाखविलें. खांबासारखें सरळ वाढावयाचें तें झाड पंख्याप्रमाणें पसरलें होतें, व त्याच्या कडेला लाटेसारख्या घड्या पडल्या होत्या. साध्या झाडाच्या चौपट किंमत त्यांनीं त्यासाठीं मोजली होती. शेजारींच त्यांची भाची उभी होती. तिच्या उजव्या हाताचीं दोन बोटें जन्मतःच जुळलेलीं आहेत. तो हात तिनें संवयीनें ओढणीखालीं धरला होता. आम्ही दोघे झाडाकडे निरखून पाहत होतों, आणि तिच्या हाताकडे नजर जाऊं नये म्हणून जपत होतों. निसर्गाच्या दोन सारख्या कृतींना आम्हीं हे दोन निराळे न्याय कां लावावे?

वनस्पतीच्या शेंड्याचा वाढीचा भाग बहुधा एका बिंदूसारखा असतो. क्वचित् त्या बिंदूची रेषा होते, आणि खोडाला तुरा येतो. आपल्या अंगणांतील कोंबड्याचें फूल याच जातीचें. मात्र तेथें हा गुण बियांतून पुढें चालतो. वाढीचे बिंदु अनेक होऊन अस्ताव्यस्त फुटले, म्हणजे त्या निवडुंगाला 'मॉन्स्ट्रोज' म्हणतात. आघात, हिम, रोग, बीजगुणांतील बदल अशीं याचीं निरनिराळीं कारणें सांगतात. सर्वांना लागू पडणारें एकच कारण ठरलेलें नाहीं.

कोणी म्हणतील, 'झाडाला मन नाहीं. माणसाच्या व्यंगांत दुःख आहे, म्हणून तेथें कौतुक शोभत नाहीं.' हें खरें आहे. पण झाडावरील आमचें प्रेम तरी निर्मळ आहे काय? तुरेदार निवडुंगाला पुष्कळदां पुन्हा सरळ, निरोगी कोंब फुटूं लागतात. संग्राहक ते कोंब वेळींच छाटून टाकतो. कारण ते बळावले तर तुरा मागें पडतो. म्हणजे त्याला झाड नको असतें, दुर्मिळता हवी असते. आणि तिच्यासाठीं तो झाडाचें साधेंपण कापीत राहतो.

याच्या उलट अमेरिकेंतील सोनोरा वाळवंट पाहावें. तेथील साग्वारो निवडुंग 12 मीटरांहून उंच जातो व दीडशें वर्षेंहि जगतो. हजारोंत एखाद्याच्याच शेंड्याला तुरा येतो, आणि कांहींच्या तुऱ्यांतून पुढें नेहमींसारख्या सरळ फांद्याहि निघतात. तेथें त्या छाटावयास कोणी बसलेला नसतो. तुराहि त्याचाच, फांदीहि त्याचीच.

घरीं परततांना मला आठवलें कीं, त्या मुलीच्या परीक्षेचा निकाल नुकताच लागला होता, आणि मीं तिला त्याविषयीं एक शब्दहि विचारला नव्हता. तिच्या हाताकडे न पाहण्याच्या सौजन्यांत मीं तिच्याकडेच पाहिलें नव्हतें. तिचें साधें, सरळ वाढणारें जीवन माझ्या दयेनें नजरेआड केलें होतें. संग्राहकाच्या हातांत कात्री असते. माझी कात्री दयेची होती, इतकाच काय तो फरक. व्यंगाचें कौतुक करावें कीं कींव करावी, हा प्रश्नच मला आतां चुकीचा वाटतो. व्यंगाबरोबर जें दुसरें सारें वाढत असतें, तें वाढूं द्यावें आणि त्याची विचारपूस करावी, एवढें तरी आपल्या हातीं आहे.