परक्याचें ऋण

आवडत्या ग्रंथकाराची नवी कादंबरी हातीं येतांच वाचक जुन्याच आनंदाची अपेक्षा करितो. आयरिश लेखिका क्लेअर कीगन यांच्या 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' (२०२१) या छोटेखानी कादंबरीनें मात्र आनंदाबरोबर एक अवघड प्रश्नहि पुढें ठेविला आहे.

न्यू रॉस गांवचा कोळशाचा व्यापारी बिल फर्लाँग यास १९८५ च्या नाताळाच्या तोंडावर मठाच्या कोळशाच्या कोठारांत कोंडलेली एक मुलगी आढळते. त्याला पांच मुली. त्यांची शाळाहि त्याच मठाच्या छायेखालची. मग 'आपण बरें, आपलें काम बरें' हा गृहस्थधर्मच त्यानें पाळावा काय?

आयर्लंडमधील अशा धुलाईगृहांपैकीं शेवटचें १९९६ मध्यें बंद झालें. सरकारनें क्षमा मागितली ती २०१३ मध्यें. इतका काळ तीं चाललीं तीं केवळ निर्दयांच्या बळावर नव्हे, तर सज्जनांच्या मौनावरहि.

परंतु बिल स्वतः एका अविवाहित मातेचा पुत्र. तिच्या मालकिणीनें लोकापवादाची पर्वा न करितां दोघांना आश्रय दिला. ज्या घरासाठीं मौन पाळावयाचें, तें घरच मुळीं एका परक्या बाईच्या धैर्यावर उभें! असलें ऋण उपकारकर्त्यास परत करितां येत नाहीं. तें पुढच्या निराधारालाच फेडावें लागतें.