राहिलेल्याला न विचारता

परदेशातून गावी परत आल्याचा मला पस्तावा होतो. हे मी इथं कोणाजवळ बोललेलो नाही. हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यातल्या आमच्या गावात बाहेरून आलेल्या माणसाला दोन प्रश्न ठरलेले असतात: ‘कवा आलास?’ आणि ‘कवा जाणार?’ दुसऱ्याचं उत्तर ‘आता जाणार नाही’ असं दिलं की समोरचा थोडा थबकतो आणि बोलणं पावसावर नेतो. तिकडं काहीतरी बिनसलं असणार, हे त्याच्या मनात आलेलं असतं. मला त्याचा राग यायचा, आणि राग येण्याचं कारण हे की त्याचा अंदाज निम्मा खरा होता.

मी स्टुटगार्टजवळ मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. डिझेल इंजिनाच्या भागांचं आरेखन हे माझं काम. गाड्या विजेवर जाऊ लागल्या तसं हे काम आटत गेलं. कोणी मला काढलं नव्हतं, पण आज ना उद्या आपला नंबर येणार हे दिसत होतं. त्यात कोरोनाचं वर्ष बंद खोलीत गेलं. त्याच सुमारास बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली. मी सगळ्यांना सांगितलं, ‘बाबांसाठी परत चाललो.’ तिथल्या मराठी मंडळींनी कौतुक केलं, कोणाच्या डोळ्यांत पाणीही आलं. ते कौतुक मी घेतलं. धास्तीचा शब्द त्यात कुठं आला नाही. बाबांचा झटका खरा होता आणि माझी काळजीही खरी होती. पण तो झटका माझं काम जोरात असताना आला असता तर मी महिनाभराची रजा काढून आलो असतो आणि परत गेलो असतो, हे मला ठाऊक आहे. मग मी बाबांसाठी आलो असं म्हणण्याचा अधिकार मला किती आहे?

ज्यांच्यासाठी आलो म्हणतो, त्यांना माझी गरज किती होती तेही सांगतो. आल्या आल्या मी बाबांचं सगळं करायचं असं ठरवलं. सकाळी त्यांना उठवून न्हाणीत न्यायला गेलो तर त्यांनी चांगल्या हातानं चौकट धरून ठेवली आणि सोडेनात. जीभ जड झालेली, शब्द उमटत नव्हता, पण नजर माझ्या खांद्यावरून मागं, चुलीकडं लागलेली. वहिनी हात पुसत आली. तिनं त्यांचा लुळा हात आपल्या मानेमागून घेतला, दुसऱ्या हातानं कमरेला धरलं, ‘चला बाबा’ म्हणाली, आणि बाबांनी चौकट सोडली. झटका आल्या दिवसापासून तिनं हे केलेलं होतं. कोणत्या पायावर भार द्यायचा आणि कुठं थांबायचं, ते त्या दोघांचं ठरलेलं होतं. मी दारात उभा राहिलो. आजही बाबांचं सगळं वहिनीच करते. मी औषधं आणतो आणि नांदेडला डॉक्टरकडं नेतो. हे काम मी तिकडून पैसे पाठवूनही होत होतं.

आता दादाचं. माझ्या पस्ताव्यात मी त्याला फार उशिरा मोजलं.

दादा थोरला. दहावीनंतर त्यानं शाळा सोडली ती मी शिकावं म्हणून, हे घरात कधी बोललं गेलं नाही, सगळ्यांना माहीत मात्र होतं. मी नांदेडला, मग पुण्याला, मग जर्मनीला गेलो. तो रानात राहिला. ती सगळी वर्षं जमीन बाबांच्या नावावर आणि कसणारा दादा. मी कधी हिशोब मागितला नाही आणि तेवढ्यावर स्वतःला उदार समजत राहिलो. परत आल्यावर मला विषमुक्त हळद करायची होती. त्यासाठी माझं वेगळं रान हवं होतं. महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलात अर्ज दिला, तलाठ्यानं फेरफार घेतला, सातबारा वेगळे झाले. कायद्यानं यात काहीही वावगं नाही. वाटा कसा करायचा हे दादानंच सांगितलं. विहिरीकडचं रान त्यानं मला दिलं. ‘तुला हळद करायची तर पाणी लागंल,’ एवढंच म्हणाला. स्वतःकडं त्यानं ओढ्यापलीकडचं कोरडवाहू ठेवलं. मी ते घेतलं. त्याच्या तोंडावर काय होतं ते मी त्या वेळी बघितलं नाही, नकाशा बघत होतो.

हळद हे नऊ महिन्यांचं पीक. मे-जूनमध्ये बेणं लावायचं, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायचं. तिला पाणी लागतं, पण पाणी साचलेलं चालत नाही. पहिल्याच साली पावसात माझ्या वाफ्यांतून निचरा झाला नाही, कंदकूज लागली. बुरशीनाशक वापरायचं नाही यावर मी अडून बसलो. निम्म्याहून जास्त प्लॉट बसला. दुसऱ्या साली थोडं सुधारलं, पण खर्च निघाला नाही. इकडं घर चालवायला दादानं पलीकडच्या शिवारात दुसऱ्याचं रान ठोक्यानं केलं, त्यात सोयाबीन टाकलं. पन्नाशीच्या पुढचा माणूस, ज्या रानात बैलामागं मोठा झाला ते सोडून लोकाच्या रानात जाऊ लागला. आणि 2023 च्या पावसाळ्यात हळदीचा भाव बऱ्याच वर्षांनी क्विंटलला 15,000 च्या पुढं गेला. वसमत आणि हिंगोलीच्या मोंढ्यात गाड्यांच्या रांगा लागल्या. ज्यांनी माल धरून ठेवला होता त्यांची कर्जं फिटली, कोणी घर बांधलं. दादाकडं त्या साली विकायला हळद नव्हती. विहिरीकडचं रान माझ्याकडं होतं. पुढच्या हंगामात सोयाबीनला 4,892 रुपये हमीभाव जाहीर होता आणि बाजारात तेवढाही मिळेना, तेव्हाही तो लोकाच्या रानात सोयाबीनच काढत होता.

मला तुटक्या स्वप्नाचा पस्तावा होता. ते रान गेल्यामुळं दादाचं काय गेलं हा हिशोब मी मांडलाच नव्हता.

माझी हळद शिजवायला मात्र दादाच यायचा. वाफेचा कुकर भाड्यानं आणलेला, रात्रीची वेळ, कारण त्या आठवड्यात रानाची लाईट रात्रीची होती. ड्रममधून पांढरी वाफ सुटली की मी घड्याळ बघायचो. दादा घड्याळ बघत नसे. तो झाकण सारून एक हळकुंड काढायचा, दोन बोटांत फिरवायचा, फुंकर मारून त्यात गवताची काडी खुपसायचा. काडी आरपार गेली की ‘उतरव’ म्हणायचा. गेली नाही तर नुसती मान हलवायचा. कमी शिजलं तर वाळायला वेळ लागतो आणि पॉलिशला चमक येत नाही, जास्त शिजलं तर रंग जातो. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. तो हे बोटांनी ओळखत होता, आणि हे ओळखणाऱ्या माणसाच्या हातून मी हळदीचं रान काढून घेतलं होतं. त्या रात्री त्यानं मला एक शब्द सुनावला नाही. सुनावलं असतं तर सोपं गेलं असतं.

सुनावलं वहिनीनं, तेही भाकरी थापता थापता: ‘भाऊजी, तुमी आलात ते बरंच झालं. पण ठरवायच्या आदी एकदा इचारायचं तरी.’

पत्नीला तरी विचारलं होतं का? विचारलं, पण बाबांचं नाव पुढं करून. त्यावर ती नाही कशी म्हणणार होती? तिची तिथली प्रयोगशाळेतली नोकरी गेली. आज ती मुलीला घेऊन शाळेसाठी नांदेडला राहते, मी गावात. सगळे एकत्र राहावेत म्हणून परत आलो आणि घराचे दोन भाग झाले. ‘लायगो’ येतंय, जिल्हा बदलणार, असं मी तिला सांगत असे. औंढ्याजवळच्या गुरुत्वीय लहरींच्या त्या वेधशाळेला केंद्र सरकारनं एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटी मंजूर केले, हे खरं आहे. 2024 साली हिंगोलीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, हेही खरं. जिल्हा बदलतो आहे याचा मला मनापासून आनंद आहे. पण एका बाईच्या गेलेल्या नोकरीला हे उत्तर नाही, आणि मी ते उत्तर म्हणून वापरलं.

तिकडचं काय आठवतं? पगार आठवतो, नाही म्हणणार नाही. त्याहून जास्त आठवतं ते कोणाच्या नजरेत नसणं. संध्याकाळी एकटं चालायला निघावं आणि कोणी ‘कुठं निघालास?’ विचारू नये. अर्ज टाकला की ठरल्या दिवशी उत्तर यावं. ‘तिकडं असं नसतं’ हे वाक्य मी आल्यावर इतक्यांदा बोललो की पुतण्या समोरून उठून जाऊ लागला. तेव्हापासून बोलणं बंद केलं, मनातलं अजून बंद झालेलं नाही.

हा पस्तावा कवटाळून बसलो होतो, तेव्हा आजूबाजूला काय चाललं होतं? नोव्हेंबर 2023 मध्ये सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या शेतकऱ्यांनी, कर्ज फेडायला आमचे अवयव विकत घ्या, असं मुख्यमंत्र्यांना कळवलं. दिवाळीच्या आगेमागे आमच्या तांड्यावरची, वाडीवरची जोडपी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. लेकरांची शाळा त्यात तुटते. मी येण्याच्या आधी, 2020 मध्ये, 24 मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाल्यावर, मुंबई-पुण्याहून चालत, मिळेल त्या ट्रकनं लोक या जिल्ह्यात परतले. मालेगाव आणि मुंबईच्या बंदोबस्तावरून आलेल्या राज्य राखीव दलाच्या जवानांना हिंगोलीत लागण निघाली आणि परतणाऱ्या माणसाचीच धास्ती बसली. गावांनी वेशी अडवल्या. आपल्याच गावच्या माणसांना जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवलं, भाकरी लांबून दिली. काही महिन्यांत त्यांतले बरेच जण पुन्हा पोटामागं गेले. आलो ते चुकलं की बरोबर, हा विचार करायला त्यांना उसंत नव्हती. मी मात्र विमानानं आलो, माझ्यासाठी वेशीवर माणसं हार घेऊन उभी होती. माझ्या पस्ताव्याला वेळ आहे, जागा आहे, आणि ती जागा विहिरीकडच्या रानात आहे. याची मला लाज वाटते.

या जिल्ह्यातून बाहेर गेलेला सगळ्यांत मोठा माणूस म्हणजे संत नामदेव. कयाधूकाठचं नर्सी हे त्यांचं जन्मगाव असं आम्ही मानतो, साल 1270. औंढ्याला त्यांना विसोबा खेचर गुरू भेटले. पंढरपूर हे घर झालं, मग ते पार पंजाबात घुमानपर्यंत गेले. त्यांची 61 पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत, आणि 2015 चं मराठी साहित्य संमेलन त्यांच्यासाठी घुमानला भरलं. आपण मराठी माणसं त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारात मानतो, घुमानचे लोक त्यांच्या गावात. दोन्हींपैकी काहीही धरलं तरी त्यांचा शेवट नर्सीत नाही. तरी आषाढीहून परतलेले वारकरी कामिका एकादशीला परतवारीसाठी नर्सीत लाखोंनी येतात. मी दरवर्षी त्या गर्दीत असतो. गावाचं होण्यासाठी गावात येऊन जमिनीचा वाटा मागावा लागतो, हे मला कोणी शिकवलं होतं? दूर राहून मी या गावाचा नव्हतो का? होतो. दादाच्या चार शब्दांच्या फोनमध्ये, वहिनीनं पाठवलेल्या शेवयांत होतो. मला ते पुरलं नाही, कारण मला परत आलेला म्हणून मान हवा होता. त्याग म्हणून जे मिरवलं त्याच्या मुळाशी हा मान होता. तो पुरेसा मिळाला नाही, आणि मग मी गावाला दोष देत पस्तावा करू लागलो.

यात गावाची चूक नाही. लाईट रात्रीची येते, रस्ता खराब आहे, दवाखान्यासाठी नांदेड गाठावं लागतं, हे सगळं मला जाण्याआधी माहीत होतं.

म्हणून एवढं केलं आहे. यंदाच्या पाडव्याला विहिरीकडचं रान दादाकडं दिलं. ठोक्यानं किंवा बटईनं दिलेलं नाही. ते त्याच्या नावावर करून द्यायला घेतलं आहे. तो नको म्हणत होता, वहिनीनं त्याला गप्प केलं. हळदीचं बेणं त्यानं आपल्या पसंतीनं आणलं. मी नांदेडला पत्नी आणि मुलीकडं राहायला जातो आहे, तिथं काम शोधतो आहे. पुढं कुठं राहायचं हे या वेळी पत्नी ठरवणार आहे, आणि ती परत जर्मनी म्हणाली तर बाबांचं नाव मध्ये आणणार नाही.

तुमच्यापैकी कोणी न्यू जर्सीत, दुबईत, पुण्यात बसून गावी परतायचं मनात घेत असेल, तर जरूर या. गावाला माणसं हवी आहेत. पण तिकीट काढण्याआधी एक फोन करा, आईवडिलांना नव्हे, ते ‘ये’च म्हणतील. जो भाऊ किंवा जी बहीण मागं राहिली, जी वहिनी त्यांचं करते आहे, त्यांना करा. आणि ते काय म्हणतात ते ऐकून घेईपर्यंत आपलं काही सांगू नका.