फलत्याग कोणी करावा?

बोदवड हे भुसावळ–बडनेरा लोहमार्गालगतचे कापसाचे गाव. दिवाळी सरली की आसपासच्या खेड्यांतून कापसाच्या गाड्या येऊ लागतात, जिनिंगची यंत्रे फिरू लागतात, आणि ज्यांना अजून मिसरूडही फुटलेले नाही असे पोरगे कापूस ओढण्यास, सरकी वाहण्यास व गाठी लोटण्यास हंगामापुरते रुजू होतात. त्यांपैकी एखाद्याने ठरलेली मजुरी पुरती मागितली, किंवा जादा थांबवून घेतलेल्या तासांचा हिशेब विचारला, तर कोणी वडीलधारा त्यास सहज सांगून जातो की, बाबा, तू अजून उमेदवार आहेस, काम शीक, फळाकडे पाहू नकोस. गीतेच्या नावावर दिलेला हा उपदेश धर्मास धरून आहे काय? कायद्याची पायमल्ली अर्ज-फिर्यादीने थांबवता येते. परंतु अन्यायास धर्मवचनाचा आधार मिळाला म्हणजे नाडलेला मनुष्यच स्वतःस अपराधी समजू लागतो.

खानदेशास हा विषय परका नाही. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती लिहून घेतली, आणि त्यांत फलत्यागाचे विवेचन विस्ताराने आले आहे. पण तो त्याग कर्त्याने स्वेच्छेने करावयाचा आहे. जे हाती आलेच नाही त्याचा त्याग संभवत नाही; आणि दुसऱ्याने अडवून ठेवलेल्या मजुरीस त्याग म्हणणे म्हणजे चोरीस व्रताचे नाव देणे होय. शिवाय गीता धन्यालाही लागू आहे. मग आसक्ती सोडण्याचा आरंभ त्याच्या गल्ल्यापासून का होऊ नये?

गुरुगृही शिष्य लाकडे वाहत असे, हा दाखला कोणी देईल. परंतु गुरू त्यास अन्न देई, विद्या देई, आणि त्याने वाहिलेली मोळी बाजारात विकून नफा करीत नसे. आपल्या संतांकडे पाहावे तर सावता माळी स्वतःच्या मळ्यात राबला, गोरोबांचे चाक गोरोबांचेच होते. श्रम भक्तिरूप झाले ते तेथे. परक्या घरी दासीपण करणाऱ्या जनाबाईस मात्र देवाने निष्कामतेचा उपदेश केल्याची कथा नाही. तो येऊन तिच्याबरोबर दळू लागला, एवढेच परंपरा सांगते. हा भेद मला फार मोलाचा वाटतो.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो ओळखला होता. 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने आठवड्याची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर पगार मागताना या सत्यशोधकाने रविवार हा खंडोबाचा वार असल्याचेही पुढे मांडले. 1890 साली ती सुटी मिळाली. 1948 च्या कारखाने कायद्याने तर कापूस दाबण्याच्या कारखान्यात, जेथे कापूस मोकळा करणारे यंत्र चालू आहे त्या भागात, स्त्रिया व मुले यांस कामास लावण्याची मनाई केली. यंत्राची उधळण आणि हवेत तरंगणारे तंतू ज्याने पाहिले आहेत, त्यास या कलमामागची करुणा उमगते. चौदा वर्षांखालील मुलांस तर कारखान्यात प्रवेशच नाही.

तेव्हा वय भरलेल्या पोराचे नाव पहिल्या दिवशीच हजेरीपटावर चढावे, जादा तासांची कायद्याने ठरलेली दुप्पट मजुरी मुकादमाने रोख मोजावी, आणि हे सारे हंगाम मोडण्यापूर्वी व्हावे. मग तो पैसा त्याने आईच्या हाती ठेवावा, वारीस लावावा की कोणास देऊन टाकावा, हे त्याचे त्याने ठरवावे.