न दिसणाऱ्या साखळीचे अनुमान

क्रँक आणि कॅम यांना जोडणारी साखळी, म्हणजे टायमिंग चेन, इंजिनाच्या झाकणाआड असते. ती झिजली आहे हे आधी डोळ्यांनी नव्हे, अनुमानानेच कळते. कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या अशा अनुमानाला न्यायदर्शनात ‘शेषवत्’ म्हणतात. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याचे उदाहरण पुराचे आहे: नदी फुगलेली दिसली, म्हणजे वर पाऊस झाला. यावरचा आक्षेपही न्यायसूत्रांतच आहे. पुढे बांध घातला तरी नदी फुगते. त्यावर उत्तर असे की, तुंबलेले पाणी आणि फेसाळ, काटक्या वाहून आणणारा पूर एकसारखे नसतात. खूण नीट पाहिलेली नसते, एवढेच.

गॅरेजमधली चूक नेमकी हीच. नुसता खडखडाट हा तुंबलेल्या पाण्यासारखा. तेल कमी असले किंवा साखळी ताणून धरणारा टेन्शनर बिघडला तरी तो येतो. थंड इंजिन सुरू होताना काही सेकंदच खडखड, तेलाची पातळी योग्य, आणि क्रँक व कॅम यांचा मेळ चुकल्याचा पी००१६ हा इंजिनाचा दोष-कोड, असे एकत्र आले तर अनुमान बळकट होते. तरीही ते निश्चित नव्हे.

झाकण उघडल्यावर प्रत्यक्षाची पाळी येते. इथे पोलाद ताणले गेलेले नसते. कड्यांच्या पिना झिजून साखळी लांबते. नवी साखळी, गाइड व टेन्शनर खुणा जुळवून बसवतात. मग क्रँक हाताने पूर्ण दोनदा फिरवतात, कारण तेव्हाच कॅमचा एक फेरा होतो, आणि खुणा पुन्हा तपासतात.